शेवटच्या नळाचा गुलाबी रंग

आमच्या वस्तीची पाणीयोजना डेलिया गिल्व्हरी सांभाळायची. मेयो परगण्याच्या या पश्चिम टोकाला घरं विखुरलेली. डोंगरातल्या तळ्याचं पाणी गाळायचं, त्यात क्लोरीन सोडायचं आणि ते सगळ्यांपर्यंत नीट पोचतंय ना हे बघायचं, हे तिचं काम. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. मी समितीत होतो, म्हणून महिन्यातून एकदा तिच्याशी बोलणं व्हायचं. बाकी तिचं बोलणं म्हणजे फेस्टस लाव्हेलशी, तेही तपासणीच्या दिवशी.

क्लोरीन तपासायचं ते पाइपच्या शेवटच्या नळावर. शेवटचं घर फेस्टसचं. डेलियाच्या घरापुढे टेकडी ओलांडली की पाऊण मैलावर तो एकटाच. त्या म्हाताऱ्याच्या विहिरीचं पाणी खराब निघालं तेव्हा ते डेलियानेच तपासलं होतं. त्यावरून वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही. मग बोलायला लागला, पण टोमण्यांतच.

"आलीस? आज किती विष घातलंयस?"

"तुम्हाला पुरेल एवढं."

"तुझ्या पाण्याचा चहा म्हणजे धुतलेल्या चादरीचा काढा गं पोरी."

"मग तीन-तीन कप कशाला पिता?"

ती नळ जरा वेळ वाहू द्यायची, त्याच पाण्याने कुपी विसळायची, खुणेपर्यंत भरायची. तपासणीची गोळी बोटाने न शिवता आत टाकायची, चुरायची. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. सुरुवातीला ती गाडीत बसून, दिव्याच्या पिवळ्या उजेडात रंग बघायची आणि आकडे भलतेच यायचे. नंतर तिला कळलं, की काच बाहेरून कोरडी पुसायला हवी, आत बुडबुडा नको, उन्हाकडे पाठ करून उत्तरेच्या आभाळासमोर धरायला हवी. आणि लगेच बघायचं, कारण थांबलं की रंग गडद होत जातो. फेस्टस दारातून बघत राहायचा.

"एवढं काय टक लावून बघतेस? गुलाबी तो गुलाबी."

"गुलाबी पुष्कळ प्रकारचे असतात."

जूनमधल्या एका सकाळी ती गेली तेव्हा तो दारात नव्हता. तिने रंग पाहिला. कुपीतलं पाणी जवळजवळ बिनरंगाचंच. तिला वाटलं, आपलंच चुकलं. गोळी जुनी असेल. नवं पाकीट फोडलं, कुपी पुन्हा विसळली, आभाळाकडे धरली. तसंच. आदल्या संध्याकाळी तिच्या स्वतःच्या नळाला रंग ठीक होता. उभ्या पाण्यातलं क्लोरीन हळूहळू संपतं. म्हणजे तिथून इथपर्यंतच्या पाइपात पाणी नुसतं उभं होतं. कोणी नळ सोडलाच नव्हता.

पहिल्यांदा तिला राग आला. म्हातारा हट्टाने परत विहिरीवर गेला असणार. ती तावातावाने घरामागे गेली. विहिरीच्या झाकणावर गवत वाढलं होतं, बादली कोरडी होती. तेव्हा ती धावतच मागच्या दाराशी आली.

फेस्टस स्वयंपाकघराच्या फरशीवर पडला होता, कमरेखाली काहीच हलवता येत नव्हतं. ओठ फाटलेले.

"कधी पडलात?" तिने त्याचं डोकं मांडीवर घेत विचारलं.

"परवा. आज तुझ्या पाण्याला रंग कमी आला ना?"

"रंगच नाही आला."

"कसा येणार. नळापर्यंत पोचलोच नाही मी."

तिने त्याला चमच्याने पाणी पाजलं. तो चमच्यामागून चमचा पीत राहिला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळातून त्याला बेलमलेटच्या वृद्धाश्रमात नेलं आणि तो तिथेच राहिला. डेलिया दर रविवारी जायची. आधी तो विचारायचा, "माझ्या नळाचा रंग कसा आहे?" ती सांगायची, "छान." त्यासाठी ती तपासणीच्या दिवशी त्या रिकाम्या अंगणात अर्धा-पाऊण तास नळ सोडून बसायची. उभं पाणी वाहून जायचं, नवं यायचं, मग कुठे कुपी गुलाबी व्हायची. पाणी अंगणातून खालच्या ओढ्यात जायचं. हिवाळ्यात तो तिला ओळखेनासा झाला. तिला तो नर्स समजायचा आणि चहाची तक्रार करायचा. फेब्रुवारीत गेला.

त्याच्या मँचेस्टरमधल्या पुतण्याला घर नको होतं. एवढं पाणी वाया का घालवायचं, म्हणून समितीने टेकडीपलीकडचा पाइप बंद करायचं ठरवलं. डेलियाने हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. एप्रिलमध्ये माणसं आली आणि तिच्या फाटकाबाहेर पाइपला बूच मारून गेली.

त्यामुळे आता योजनेतला शेवटचा नळ तिच्याच स्वयंपाकघरातला. तिची खिडकी उत्तरेला आहे, त्यामुळे बाहेर पडायचीही गरज नाही. मागच्या आठवड्यात मी आकडे घ्यायला गेलो, तेव्हा ती खिडकीशी कुपी धरून उभी होती.

"ठीक आहे?" मी विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "बसता का जरा? चहा टाकते."

मला घाई होती. पण मी बसलो.