बांधावर आमचा हक्क नाही

‘धंद्याला लागणारं कायद्याचं सगळं काम एकाच छताखाली’ असं आमच्या फर्मच्या गुळगुळीत माहितीपत्रकावर छापलेलं असायचं. कंपनी काढायची असो, जमीन घ्यायची असो, परवाने, करार, कामगारांची भांडणं, कर, प्रदूषणाचे कागद, आणि कुणी कोर्टात खेचलंच तर तेही. गिऱ्हाईक एकदा लिफ्टने वर आलं की त्याला दुसरीकडे जायची गरज पडू नये, अशी सोय. त्या पत्रकाचा मराठी मजकूर मीच लिहिला होता. आज तो आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी पेणजवळच्या खारेपाटातली, धरमतरच्या खाडीकाठच्या एका गावची. वकिलीची परीक्षा पास होऊन मुंबईत फोर्टातल्या त्या फर्ममध्ये लागले, ते काही माझ्या हुशारीमुळे नव्हे. तिथल्या साहेब लोकांनी सातबारा उलटा धरला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता. तलाठ्याचं अक्षर वाचणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. गावात मात्र माझा तोरा विचारू नका. सरपंचसुद्धा मला वकीलबाई म्हणायचे आणि मला ते गोड लागायचं.

रोह्याला कारखाना असलेल्या एका कंपनीला बार्जमधून कच्चा माल उतरवायला खाडीवर धक्का हवा होता. आमच्या गावाला लागून एक बंद पडलेलं मिठागर होतं. मालक मुंबईचे. ते मिठागर आणि त्याच्या कडेने जाणारा खाडीचा बांध, असा एकत्र सौदा ठरला. पेणच्या रजिस्ट्रार कचेरीत बसून तीस वर्षांचे दस्त मी तपासले. कागद स्वच्छ होते. पण माझ्या साहेबांनी जागेच्या फोटोत बांधावरून चालणारी माणसं पाहिली होती. ‘गाववाल्यांची प्रतिज्ञापत्रं करून घे,’ ते म्हणाले, ‘उद्या कटकट नको.’

हा बांध म्हणजे काय ते सांगायला हवं. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा लांबच लांब बांध. तो आहे म्हणून आमचं गाव भात खातं. खेकडे त्याला बिळं पाडतात. बीळ वेळेवर चिखलाने बुजवलं नाही, तर अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी त्यातून वाट काढतं आणि बांध फुटतो. खांड गेली, असं आमच्याकडे म्हणतात. एकदा खारं पाणी शेतात आलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे धड पीक येत नाही. म्हणून पावसाळाभर रोज एका घरातलं माणूस फावडं घेऊन सगळा बांध फिरून येतं. आज या घराची पाळी, उद्या शेजारच्या. हे कुठल्याही दप्तरात लिहिलेलं नाही.

आणखी एक रीत आहे. बांधाला कुणी आपला म्हणायचं नाही. जो ‘बांध माझा’ म्हणेल त्याने खांड एकट्याने बांधायची. एकट्याला ते सात जन्मांत जमणार नाही, म्हणून कुणी तसं म्हणत नाही. सहा-सात वर्षांची असताना मी बांधावर उभी राहून ‘आमचा बांध, आमचा बांध’ म्हणून ओरडत होते, तेव्हा शेजारच्या काकीने धावत येऊन माझ्या तोंडावर हात दाबला होता. ‘गप गो! बाबाला तुझ्या कामाला लावतेस काय?’ सगळे पोट धरून हसले होते.

म्हणजे मला हे ठाऊक होतं. मी परकी नव्हते, अडाणी नव्हते. माझा राग साहेबांवर आहे, कंपनीवर आहे, पण त्याची सुरुवात इथून होते.

शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. बाबा घरोघरी जाऊन लोकांना घेऊन आले. ‘पोरीचं काम हाय, येऊन सही करून जावा,’ एवढंच त्यांनी सांगितलं आणि लोक हातातलं काम टाकून आले. मी टाइप केलेला प्रश्न वाचायचे, ‘सदर बांधावर आपला कोणताही हक्क, मालकी अगर हितसंबंध आहे काय?’ आणि एकामागून एक माणूस मान हलवायचं. ‘नाय गो. बांध आपला कसा असंल?’ काकी तर चिडलीच. ‘बांध माझा म्हणू? येडी झालीस काय तू?’ असं म्हणून तिने अंगठा उठवला. पहिली सही बाबांची होती. दुपारी दोनला काम आटपलं, चारला पेणच्या नोटरीकडे शिक्के पडले.

‘बांधावर पाळीने कोण जातं?’ एवढंच मी विचारलं असतं, तर दिवेलागणीपर्यंत लोक बोलत बसले असते आणि तो सौदा तिथेच अडकला असता. मी नाही विचारलं. फसव, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला शाबासकीची घाई होती. ती मिळाली. खिडकीजवळचं टेबलही मिळालं.

पावसाच्या आधी कंपनीने बांधाच्या त्या भागाला दोन्ही बाजूंनी तारेचं कुंपण घातलं, गेट लावलं, वॉचमन बसवला. पाळीवर गेलेल्या पहिल्याच माणसाला त्याने परत पाठवलं. प्रायव्हेट जागा हाय, म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला, तिसऱ्या दिवशी तिसऱ्याला. मग बाबांनी कंपनीला अर्ज लिहिला आणि गावाने त्यावर सह्या केल्या.

कंपनीने अर्ज वाचलासुद्धा नाही. तिचं सगळं काम एकाच छताखाली होतं ना! तो जसाच्या तसा आमच्याकडे आला. वरच्या मजल्यावरच्या कोर्टकज्ज्यांच्या विभागाला मराठी येत नव्हती, म्हणून तो भाषांतरासाठी खाली माझ्या टेबलावर आला. बाबांचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. ‘आम्हास जागा नको, फक्त पावसाळ्यात बांध फिरून येऊ द्यावे, पाहिजे तर सोबत आपला वॉचमन द्यावा,’ असं त्यात होतं. यापेक्षा सरळ मागणी मी त्या फर्ममध्ये दुसरी वाचली नाही.

मी भाषांतर केलं. चांगलं केलं. मग साहेबांकडे जाऊन सांगितलं की हे माझं गाव आहे, पहिली सही माझ्या वडिलांची आहे. वाटलं, हे काम ते दुसऱ्या कुणाला देतील. ‘मग तर उत्तमच,’ ते म्हणाले. ‘रोह्याला मीटिंग आहे, तूच चल.’

कारखान्याच्या ऑफिसात एसीची थंडगार हवा होती. गावातून चौघं आले होते, पेणहून एसटीने. त्यांत बाबा आणि काकी. चौघांनी चपला दाराबाहेर काढल्या. माझे बूट पायात तसेच. साहेबांनी प्रतिज्ञापत्र माझ्याकडे सरकवलं आणि विचारायला सांगितलं.

घरी मी बाबांना अरे-तुरे करते. तिथे टेबलापलीकडे बसलेल्या माझ्या बापाला मी विचारलं, ‘ही सही तुमची आहे का?’

‘व्हय.’

‘बांधावर तुमचा हक्क नाही असं तुम्ही लिहून दिलंय. बरोबर?’

‘बरोबर हाय. बांध आमचा नाय.’ बाबा माझ्याकडे न बघता बोलत होते. ‘पर राखायचा तो आमीच ना?’

मी दोन्ही वाक्यं इंग्रजीत सांगितली. साहेब म्हणाले, हक्क नाही हे कबूल आहे, तेवढंच लिही. मी तेवढंच लिहिलं. काकी पुढे वाकली. ‘अगो, तू सांग ना त्यांना. तुला म्हायती हाय सगला.’ मी फाइलमध्ये काहीतरी शोधायला लागले. फाइलमध्ये काही नव्हतं.

या बैठकीचा मला अजून संताप येतो. ते साहेब काही दुष्ट नव्हते. निघताना त्यांनी चौघांना चहा पाजला, काकीला हात जोडले. गिऱ्हाइकाचं काम त्यांनी चोख केलं, आणि त्या छताखाली आमच्या गावाचं काम करणारं कुणी नव्हतं. मी होते, पण मी पगारी होते. नोकरी मी लगेच सोडली असती तर इथे फुशारकीने सांगितलं असतं. सोडली ती दोन वर्षांनी.

श्रावणातल्या अमावास्येला आईने पिठोरीसाठी बोलावलं म्हणून मी घरी होते. दुपारी भरतीच्या वेळेला ओरडा झाला. कुंपणाच्या आतल्या भागात खांड गेली होती. तिकडे पावसाळा लागल्यापासून कुणी फिरकलं नव्हतं, खेकड्यांना रान मोकळं होतं. वॉचमनने त्या दिवशी कुणाला काही न विचारता गेट उघडून टाकलं, कारण पाणी त्याच्याही खोलीत शिरलं होतं. पडवीतून मला दिसत होतं, गढूळ पाणी खाचरामागून खाचर घेत येत होतं. हिरवंगार भात, तण काढून नुकतं बेणलेलं. आमचं, काकीचं, सगळ्यांचं.

खांड बांधायला घरटी एक माणूस जातं. कुणीतरी गल्लीतून पळत प्रत्येक घराला हाक मारतं आणि हाक आली की हातातला घास टाकून निघायचं असतं. त्या दिवशी हाका मारत काकी आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आवाज बसलेला. अलीकडच्या घराला तिने हाक मारली. आमच्या दारासमोरून ती तशीच पुढे गेली आणि तिने पलीकडच्या घराला हाक मारली.

बाबांनी डोक्याला टॉवेल बांधला होता. एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात फावडं. त्यांनी आयुष्यात एकही खांड चुकवलेली नव्हती.

‘जा ना तू,’ मी रडत म्हटलं. ‘सही मी घेतली. तुझा काय दोष?’

‘हाक आल्याबिगर बांधावर जायचा नाय गो,’ बाबा म्हणाले.

ओहोटी लागेपर्यंत ते घमेलं हातात धरून दारात उभे होते.