मागाच्या जागेचं भाडं

इंटरच्या परीक्षेत गणितात नापास होऊन मी पुण्याहून सोलापूरला परत आलो, तेव्हा घरात कोणी रागावलं नाही. रागवायचं तर इंटर म्हणजे काय हे ठाऊक हवं. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकपर्यंतही कोणी गेलेलं नव्हतं. एवढंच सर्वांना कळलं की पोरगा पेटी घेऊन परत आला आणि पुन्हा एकदा त्याच परीक्षेला बसणार आहे.

आमचं घर विणकराचं. पुढच्या लांबट खोलीत जमिनीत दोन खड्डे होते आणि प्रत्येक खड्ड्यावर एक हातमाग. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांनी खालच्या पावड्या दाबतो. एका मागावर वडील लुगडी विणत. दुसरी जागा भाड्याने दिलेली असे. ज्याच्या घरात खड्ड्यापुरतीही जागा नाही असा विणकर आपला माग आणून दुसऱ्याच्या घरी बसवतो आणि महिन्याला भाडं देतो, ही आमच्या पेठेतली नेहमीची रीत. मी आलो त्याच सुमारास आमचा भाडेकरी गिरणीत लागला आणि आपला माग सोडवून घेऊन गेला. रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून, पुढे एक फळी आडवी टाकून मी अभ्यासाला बसू लागलो. सोलापूरच्या उन्हाळ्यात घरात तेवढीच काय ती गार जागा.

मला म्युनिसिपालिटीच्या शाळेत बदली मास्तराची नोकरी मिळाली. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी वडील मागावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, “त्या जागंचं भाडं आता तू देत जा.” (घरात आम्ही तेलुगू बोलतो. इथे त्यांचं बोलणं मराठीत लिहिताना ते बाजारात बोलत तसं लिहितो आहे.)

मला वाटलं ते थट्टा करताहेत. “कुठल्या जागेचं, नायना?”

“तू बसतोस त्या. आदीचा जेवढं देत हुता तेवढंच. जास्त नको.”

“आणि जेवणाचं?”

“जेवन तुज्या अम्माचं. जागा मागाची हाय.”

मी पैसे आईपुढे धरले. तिने हात मागे घेतला. “मला नको. पोराकडनं भाडं घेऊन मी कुटं जाऊ? ज्यानं मागितलं त्याला दे.” मग रात्रीच्या जेवणात ती परात पुढे ओढत वडिलांना म्हणाली, “मालक, तुमच्या भाडेकऱ्याला आणखी एक भाकरी वाढू का? का तिचंबी भाडं लावताय?” वडील हसले नाहीत, पण दुसरी भाकरी त्यांनीच माझ्या ताटात टाकली.

मला फार लागलं, हे कबूल करतो. पुण्यात मी खोलीचं भाडं देत होतो तेव्हा काही वाटलं नव्हतं. स्वतःच्या घरात, जिथे मी रांगता रांगता त्या खड्ड्यात पडलो होतो असं आई सांगते, तिथे भाडं देताना वाटलं की नापास झाल्यापासून आपण या घरचे उरलो नाही. शाळेतल्या एका मास्तरांना मी हे सांगितलंही. ते म्हणाले, “अहो, मग दुसरीकडे खोली घ्या की.” तेवढा धीर मला नव्हता. शिवाय दुसरीकडे खड्डा मिळाला नसता.

एक मात्र खरं. भाडं देऊ लागल्यापासून वडील मला अभ्यासातून उठवेनासे झाले. आधी ते मध्येच हाक मारत, “सुताच्या कांड्या भरून दे,” “सूत धर.” भाडेकऱ्याला असं काम सांगत नाहीत. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की ते आपल्या मागावर बसत, मी माझ्या फळीपुढे. आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचा आवाज थांबला की मी वर बघायचो. कधी ते विचारत, “किती झालं?” किती हात कापड विणून झालं हे एकमेकांना विचारायची विणकरांची सवयच असते. मी म्हणायचो, “दोन गणितं.” ते मान हलवत, जणू दोन हात.

दिवाळीनंतर थोरले काका आले. ते वडिलांचे मोठे भाऊ. घरात त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. त्यांचा जावई तेलंगणातून बायको-मुलासह आला होता, माग होता, बसवायला जागा नव्हती. काका माझ्या फळीकडे बघत उभे राहिले.

“हितं माग बसंल की. पोराला काय, वट्यावर बसून वाचता येतंय.”

आत आई स्वयंपाक करत होती. भांड्यांचा आवाज थांबला. मी पुस्तक मिटलं. काकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माग बसला तर त्या घरची चूल पेटणार होती. माझ्या फळीवर काय शिजत होतं? आणि ओट्यावर सगळी पेठ येऊन बसते, तिथे अभ्यास होणार नाही, हे सांगायला माझं तोंड उघडेना. परीक्षेला अजून चार महिने होते. ती जागा गेली असती तर मी परीक्षेला बसलोच नसतो, हे मला आतून ठाऊक होतं.

वडील मागावरून न उठता म्हणाले, “अण्णा, त्यो भाडं देतो.”

“कोन? ह्यो? बापाला भाडं?” काका हसले. “मग काढ की त्याला. भाडेकरीच हाय न्हवं?”

“ताणा चढलाय त्याचा. अर्ध्यावरनं कसं उटवायचं?”

ही रीत काकांनाही माहीत होती. भाडेकऱ्याने एकदा मागावर उभं सूत, म्हणजे ताणा, चढवला की कापड विणून उतरेपर्यंत त्याला कोणी उठवत नाही. मालकाचं त्याच्याशी भांडण झालं तरी नाही.

“कसला ताणा रं? कागदाचा?”

“कसलाबी असू दे. मार्चला उतरंल. मग तुमचा जावई बसू दे.”

काका “लई शाना झालास,” एवढं म्हणून चहा न घेता गेले. जावयाने ते चार महिने गिरणीत बदलीवर काढले. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

वडिलांनी हे सगळं आधीच मनात धरून भाडं मागितलं होतं का, ते मला माहीत नाही. बहुधा नसावं. जुन्या भाडेकऱ्याचे पैसे बंद झाले होते आणि घराला ते हवे होते, एवढंच असेल. विचारायचं म्हणतो, पण अजून विचारलेलं नाही.

परीक्षा देऊन मी पुण्याहून परतलो. निकाल लागायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, “उतरला न्हवं ताणा? मग जागा मोकळी कर.” पेपर कसे गेले, हे त्यांनी विचारलं नाही. मी फळी उचलली, पुस्तकं पेटीत भरली आणि जाणारा भाडेकरी करतो तसा खड्डा शेणाने सारवून दिला. कोपऱ्यात पेन्सिलीचे दोन तुकडे सापडले. संध्याकाळी जावई माग घेऊन आला.

आता मी बी.ए.च्या वर्गात आहे. सुट्टीत घरी गेलो की जावई त्या खड्ड्यात विणत असतो आणि मी ओट्यावर निजतो. भाडं कोणी मागत नाही. आई विचारते, “किती दिवस हायेस?” हा प्रश्न तिने मला त्या वर्षात एकदाही विचारला नव्हता.

गेल्या खेपेला वडिलांनी माग थांबवून विचारलं, “आताचा ताणा केवढा हाय?”

“दोन वर्षांचा.”

“लई लांब,” ते म्हणाले. मग जरा वेळाने, जावयाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, “मी दुपारचा मागावर नसतो. तवा हितं बस.”

मी भाडं किती, असं विचारलं. त्यांनी धोटा फेकला.