बाबांनी उघडलेली बॅटरी

हे लिहायला मी लायक आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. माझी शाळा हिंदी माध्यमाची. मराठी मी घरी ऐकली आणि आईच्या मासिकांतून वाचायला शिकलो. अजूनही आईबाबा मराठीत विचारतात आणि मी हिंदीत उत्तर देतो, कारण बोलताना माझी मराठी मध्येच अडते. लिहिताना थांबून विचार करता येतो, म्हणून लिहितो आहे. चुका होतील. गोष्टही फार मोठी नाही. एका मोटरसायकलच्या बॅटरीची आहे.

बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत. रायपूरच्या आसपासच्या लहान स्टेशनांवर सिग्नलसाठी बॅटऱ्यांच्या रांगा असतात, त्यांची देखभाल हे त्यांचं काम. एकेका सेलचं झाकण उघडायचं, आतलं पाणी बघायचं, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, रीडिंग घेऊन रजिस्टरमध्ये लिहायचं. तीस वर्षं ते हेच करत आलेत. त्यांच्या शर्टांवर, पोटाजवळ, ॲसिडने पडलेली बारीक भोकं असतात आणि आई ती रफू करत नाही, कारण पुढच्या आठवड्यात नवी पडतात.

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी मला वर्ध्याच्या एका लहान कंपनीत जागा मिळाली होती. गावोगावच्या पाणीटाक्या आणि पाइपलाइनी मोजायचं काम. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: उमेदवाराने स्वतःची दुचाकी घेऊन सोमवारी सकाळी दहा वाजता हजर व्हावे, न आल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला दिली जाईल. आमच्या वर्गातून ही जागा मला एकट्याला मिळाली होती. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नसेल तर डिग्री अडकते, आणि दुसरीकडच्या जागा तोवर भरून गेल्या होत्या.

मोटरसायकल माझ्याकडे होती, जुनी घेतलेली. पण आमच्या घरातून आजवर कुणी रस्त्याने लांब गेलं नव्हतं. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीतून निघायचं ते रिक्षाने स्टेशनपर्यंत, मग पास दाखवून गाडीत. वर्ध्याला आत्याकडे जायचं तरी तसंच. मी म्हटलं, मोटरसायकल पार्सलने पाठवू. बाबा हसले.

"पार्सल कधी पोचते ते मी नाही सांगू शकत. रेल्वेत आहो म्हणूनच सांगून राहिलो. रस्त्यानंच ने."

सोमवारला बारा दिवस होते, तेव्हा एका सकाळी बटण दाबलं तर इंजिन फिरलंच नाही, सीटखाली नुसती टिकटिक झाली. थंडीचे दिवस होते. दुसऱ्यांदा दाबल्यावर चालू झालं. माझ्या गाडीला किक नाही. नव्या गाड्यांना बहुतेक नसतेच. पेट्रोलचा पंपसुद्धा बॅटरीवर चालतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली की ढकलूनही उपयोग नसतो. वाटेत देवरीपासून साकोलीपर्यंत रस्ता जंगलातून जातो, तिथे असं झालं तर काय करायचं, हा विचार त्या सकाळी माझ्या डोक्यात बसला तो उठलाच नाही.

मी बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला, हे मी लिहिलंच पाहिजे. माझ्या अभ्यासातलं त्यांना काही विचारता येत नाही. दहावीनंतर त्यांनी माझी वही उघडलेली नाही. आणि आता मी त्यांच्याकडे बॅटरी घेऊन आलो होतो.

"बॅटरी ना? अबे, मग टेन्शन काहून घेतो? आन इकडे."

त्यांनी ती काढून ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवली. वरच्या पट्टीवर इंग्रजीत लिहिलं होतं की ही बॅटरी सीलबंद आहे, उघडू नये, पाणी घालू नये. मी ते वाचलं. बाबांनी पट्टीच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घातला.

"बाबा, इसमें लिखा है कि..."

"काय लिहिलं?"

"सील है. खोलना नहीं."

"हव, लिहितेत. नवी विकाची असते त्यायले. आमच्याकडं बी आली होती सीलवाली. दोन वर्सात सुकून गेली." पट्टी टक् करून निघाली. खाली रबराची सहा बुचं होती. त्यांनी पहिलं काढलं आणि मला आत बघायला जवळ बोलावलं. "पाय. पाणी दिसते का?"

आत पांढऱ्या कापसासारखं काहीतरी होतं. पाणी दिसत नव्हतं.

"कोरडी ठणठणीत," बाबा म्हणाले. "कशी चालंन बिचारी?"

मला नंतर कळलं की त्या बॅटरीत ॲसिड त्या कापसातच मुरलेलं असतं आणि ती आतून तशीच दिसायला हवी. त्या वेळी मला हे माहीत नव्हतं. पण पट्टीवरचं वाचता येत होतं. बाबांनी सिरिंजने एकेका बुचातून पाणी घातलं, वरपर्यंत दिसेल इतकं, आणि प्रत्येक वेळी तोंडाने आकडा म्हटला. मग चार्जर लावला. संध्याकाळी मीटर लावून म्हणाले, "बारा सहा व्होल्ट. बस?"

गाडी पहिल्या बटणात सुरू झाली. आईने वाटीत साखर आणली.

पुढचे चार दिवस गाडी ठीक चालली. पाचव्या दिवशी मी सीट उचलली तेव्हा बुचांच्या कडेने ओल होती आणि बॅटरीखालच्या पत्र्यावर पांढरी पूड धरली होती. मी ती पुसली. कुणी बघू नये म्हणून पुसली, हेही खरं आहे.

गुरुवारी कॉलेजच्या नावाने निघालो आणि गाडी तात्यापाऱ्यातल्या एका बॅटरीच्या दुकानासमोर नेली. दुकानदाराने सीट उघडताच मान वर केली.

"किसने खोला इसको?"

मी किल्ली खिशात घातली.

"मैकेनिक का नाम बताओ भैया, उसकी आरती उतारनी है."

"घर में... खोला."

"घर में! वाह. इडली पकाने बैठे थे क्या, ढक्कन खोल-खोल के?" दुकानातले दोघे हसले. मग त्याने दोन चिमटे लावले, लोड टाकला, म्हणजे बॅटरीला जोर करायला लावला, आणि मीटरचा काटा बारावरून आठच्या खाली आला. आता तो हसत नव्हता. "देखो, मीटर पे बारा दिखाएगी, ताकत नहीं है. एक सेल जाने वाला है. रायपुर घुमा लो इसपे. कहाँ जाना है?"

"वर्धा."

"भिलाई भी मत जाओ. नई रखी है, लगा दूँ? दस मिनट का काम है."

पैसे माझ्याकडे होते. दहा मिनिटंही होती. पण नवी बॅटरी लावून घरी गेलो असतो तर बाबांनी रोजच्यासारखं मीटर काढलं असतं आणि त्यांना ती दिसली असती. त्यांनी खात्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोराच्या गाडीची बॅटरी मी स्वतः तयार करून राहिलो. जुनं खोकं तसंच ठेवून आतलं बदलता येईल का, हा मूर्खपणाचा विचारसुद्धा मी तिथे उभं राहून केला. "सोच के आता हूँ," म्हणालो. दुकानदाराने खांदे उडवले.

घरी फक्त आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"मग काहून सांगत नाई त्यायले?"

"तुम बता दो ना."

"मी? मले त्यातलं काय समजते? म्हणतीन, बाई, तू भाजी निवड." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू शिकला ना बाप्पा एवढा. तुले सांगता यायला पायजे."

शनिवारी संध्याकाळी बाबा गाडीचे नटबोल्ट आवळत होते. त्यांनी माझ्यासाठी एका कागदावर रस्ता लिहिला होता: दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा, नागपूर, आणि प्रत्येकाच्या पुढे ओळखीच्या एखाद्या रेल्वेवाल्याचा नंबर. मी जवळ बसलो.

"बाबा, वो बैटरी..."

"हं, सांग."

ते थांबून माझ्याकडे बघत होते. हातात पाना होता.

"टर्मिनल टाइट करना है क्या?"

"केले मी." आणि ते पुन्हा कामाला लागले.

रविवारी पहाटे आईने हातावर दही ठेवलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारचे काका दात घासत बाहेर आले. मी हेल्मेट घातलं आणि बटण दाबलं. टिकटिक. पुन्हा दाबलं. मीटरवरचे दिवे मंद होऊन विझले.

"थंडी हाय," बाबा म्हणाले. त्यांनी काकांच्या गाडीच्या बॅटरीवरून वायर जोडली. गाडी सुरू झाली. वायर काढली, आणि मिनिटभरात इंजिन गुरगुरत बंद पडलं. तीनदा असंच झालं.

"कसं करता भाऊ," काका म्हणाले, "आमची बी उतरवता का आता?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी बॅटरी काढली, ओट्यावर नेली, चार्जर लावला. "मले दोन घंटे दे."

मी हेल्मेट मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. तेव्हा सात वाजले होते. नऊ वाजता त्यांनी बुचं उघडून रीडिंग घेतलं आणि म्हणाले, "अजून दोन." अकरा वाजता बाजार उघडला असेल. मी तीन वेळा चपला घातल्या आणि काढल्या. तात्यापारा आमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे. दुपारपर्यंत निघालो असतो तर उशिरा का होईना, नागपूरला मुक्काम करून सोमवारी पोचता आलं असतं. हे सगळं मला पायरीवर बसून दिसत होतं. बाबा वाकून एकेका सेलला डोळा लावून बघत होते, त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि मी उठलो नाही. एकदा त्यांनी विचारलं, "पाणी जास्त तर नाई झालं?" मला वाटतं ते मलाच विचारत होते. मी म्हणालो, "पता नहीं, बाबा."

चार वाजता आई बाहेर आली. "आता निघाचं नाई. अंधारात जंगलातून जाऊ देणार नाई मी." बाबांनी चार्जरची पिन काढली आणि वायर गुंडाळत बसले. ती वायर त्यांनी बराच वेळ गुंडाळली.

सोमवारी दुकान उघडताच मी नवी बॅटरी आणली. बाबा ड्युटीवर गेले होते. गाडी लगेच सुरू झाली. दहा वाजता वर्ध्याला फोन लावला. एका मॅडमनी उचलला. मी अडखळत सगळं सांगितलं, म्हणजे बॅटरी खराब झाली एवढंच. त्या म्हणाल्या, "सर साइटवर आहेत. त्यांना विचारून कळवते. तोवर निघू नका, उगाच हेलपाटा होईल."

मग मी थांबलो. बॅग भरलेली, टाकी भरलेली, आणि फोन हातात. मंगळवारीही थांबलो. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं. गल्लीत कुणी भेटलं की विचारायचं, "गए नहीं अभी तक?" म्हणून मी बाहेर पडणं बंद केलं. दिवसातून चार वेळा गाडी सुरू करून बघायचो, चालू होते आहे ना म्हणून, आणि बंद करायचो. बाबा संध्याकाळी यायचे, गाडीच्या बाजूने जायचे, सीट उचलायचे नाहीत. जेवताना मला मीठ हवं का विचारायचे.

बुधवारी ते पहाटेच निघाले. डबा घेतला होता, पण शर्ट भोकांचा नव्हता, लग्नाकार्याला घालतात तो होता. आईने मला काही सांगितलं नाही.

दुपारी अडीचच्या सुमाराला बाबांचा फोन आला. मागून स्टेशनच्या भोंग्यावरची बाई गाड्यांची नावं सांगत होती, मराठीत.

"ऐकून राहिला का?"

"हाँ बाबा. कहाँ हो?"

"वर्ध्याले. सकाळच्या गाडीनं आलो. तुझ्या हाफिसात जाऊन आलो. सायेब भेटले. चांगला माणूस हाय, चहा पाजला. मी सांगतलं त्यायले, पोट्ट्याचा काही दोष नाई. बॅटरीवर लिहून होतं, त्यानं वाचून बी दाखवलं, तरी म्या खोलली. रेल्वेत तीस वर्सं बॅटरीच पायतो, असं बी सांगतलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फिर?"

"त्यायनं दुसरा घेतला. भंडाऱ्याचा पोट्टा हाय. सोमवारीच दुपारी आला म्हणते, गाडी घेऊन."

भोंग्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. "दुसरा घेतला, बेटा. सोमवारीच."