खाजणाच्या मातीचा किल्ला

आमचे बाबा मिठाच्या नाक्यावर कारकून होते. नाक्यावर मान खाली, घरात आवाज खाली. पण दिवाळी आली की या माणसाच्या अंगात कोण संचारायचं देव जाणे. चौलच्या आमच्या अंगणात ते स्वतः किल्ला करायला बसायचे. मी हाताखाली. आमचं काम म्हणजे दगडांवर गोणपाट टाकून चिखल थापणं नव्हे. धान्यकोठार, सदर, पागा, एकेक इमारत वेगळी घडवायची, काडीने खिडक्या कोरायच्या, सावलीत वाळवायची. कारण पाडव्याला दुपारी लढाई असायची. समोरच्या घरातली मुलं बांबूच्या नळीतून आमच्या किल्ल्यावर चिंचोके मारणार, आम्ही त्यांच्या. ज्याच्या इमारती उभ्या राहतील तो जिंकला.

मागल्या साली आमचं कोठार पहिल्याच माऱ्यात भुईसपाट झालं होतं. ते बाबांना फार लागलं. म्हणून या खेपेला नाक्यावरून येताना ते खाडीकाठच्या खाजणातली माती घेऊन आले, टोपलीभर, काळी, लोण्यासारखी.

"ही कुठली माती?" आईने विचारलं.

"मातीला काय गाव असतं?" बाबा म्हणाले.

आईचं तोंड एवढंसं झालं. त्याच उन्हाळ्यात इंग्रज सरकारचा मिठाचा कायदा मोडून मीठ काढायला माणसं खाडीवर उतरली होती, लाठ्या खाऊन तुरुंगात गेली होती. खाजणातली खारी माती उचलणं हासुद्धा गुन्हा. नाक्यावरच्या माणसांवर तर साहेबाची जास्तच नजर. जरा संशय आला की घरी बसवायचा. आमची वाडी म्हणजे चार पोफळी. नोकरी गेली तर खायचं काय, हे आई येता-जाता बोलून दाखवायची.

पण माती खरंच गुणाची. भिंती पातळ निघाल्या आणि टणक वाळल्या. बाबा खुशीत शीळ घालत होते.

पाडव्याला सकाळी मी रांगोळी घालायला बाहेर आले, तर कोठाराच्या भिंतीवर पांढरं. बोट लावलं, चाटलं. मीठ. माती वाळली तसं आतलं मीठ वर आलं होतं. रोज मिठात वावरणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये? मला रागच आला, अजूनही येतो.

मी बाबांना हाक मारली. ते आले, त्यांनी बघितलं आणि आईला बोलावलं. तेवढ्यात नाक्यावरचा शिपाई फाटकाशी आला. "सायेब फराळाला येतायत. मागनंच हायत," एवढं सांगून तो परत फिरला.

"मी पुसून घेते," मी म्हणाले.

"नको. पाणी लागलं की मीठ आणखी फुलेल."

"मग मोडा," आई म्हणाली. "अहो, बघता काय? मोडा तो." तिने मुसळ आणून त्यांच्या हातात दिलं.

बाबांनी मुसळ उचललं आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता पडेल, आता पडेल. पडलं नाही. मनातून मी म्हणत होते, नका हो मोडू. आणि त्याच वेळी, मोडा एकदाचा. बुटांचा आवाज आला तेव्हा आईने मुसळ हिसकावून घेतलं आणि ती दाराआड गेली.

साहेब आपल्यातलाच, देशावरचा. किल्ल्यापाशी थांबला. वाकून कोठाराच्या भिंतीवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"हे काय आहे?"

"चुना," आई दाराआडून म्हणाली. परक्या पुरुषापुढे ती कधी बोलायची नाही. "मीच फासलाय."

"मी यांना विचारतोय. चाखून सांगा, कारकून."

बाबांनी भिंतीला बोट लावलं, जिभेवर ठेवलं. खोटं बोलणं या माणसाला कधी जमलं नव्हतं. आईशी साधी थाप मारायची तरी कान लाल व्हायचे. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही.

"चुना आहे, साहेब," बाबा म्हणाले.

साहेब त्यांच्याकडे बघत राहिला. मग ओटीवर येऊन बसला, करंजी खाल्ली, चकली चांगली झालीय म्हणाला. जाताना पायरीवर थांबला.

"पुढल्या वर्षी शेतातली माती घ्या," तो म्हणाला. "तिला चुना सुटत नाही."

दुपारी लढाई झाली. समोरच्यांनी चिंचोक्यांचा भडिमार केला, पण आमची एकही इमारत हलली नाही. मी अंगणभर नाचले. बाबा बघायला बाहेर आलेच नाहीत. माजघरात भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, भीती अजून उतरली नसेल.

तिन्हीसांजेला ते उठले. शिंपला घेऊन किल्ल्यापाशी उकिडवे बसले आणि कोठाराची भिंत हलक्या हाताने खरवडली. चिमूटभर निघालं, मातकट. केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेऊन ते आत आले आणि आईपुढे धरलं.

"आज आमटीत हे घाल."

"अहो, कुणाला कळलं तर..."

"घाल म्हणतो ना. मीठ आहे ते." त्या आवाजात बाबांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आईने घातलं. आमटी कडवट झाली होती, दाताखाली कचकच लागत होती. बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.