मावशी आणि लिफ्टवाले

माझ्या मावशीला शाळेत ग्रंथपालाची नोकरी लागली तेव्हा घरात सगळ्यांना आभाळ ठेंगणं झालं. लहानपणीच्या आजारात तिचे पाय गेले होते. ती चाकाच्या खुर्चीवरून फिरायची. वाचनालय दुसऱ्या मजल्यावर होतं, पण शाळेला लिफ्ट होती. म्हणजे, असायला होती. आज बंद, उद्या चालू. बंद असली की शिपाई तिला खुर्चीसकट उचलायला धावत.

"मी काय कपाट आहे का?" ती करवादायची आणि लिफ्ट सुरू होईपर्यंत खालीच बसून राहायची.

मुख्याध्यापक भला माणूस. म्हणाले, "बाई, तुम्हाला खालची खोली देतो."

"आणि पुस्तकं?"

"ती... वरच राहतील."

"मग मी खाली बसून माशा मारू?"

एकदा मावशी खाली येताना लिफ्ट मधेच अडकली. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. उंच, अबोल माणूस. दाराच्या फटीतून त्याने विचारलं, "बाई, घाबरला नाहीत ना?"

"घाबरायला काय झालंय? भूक लागलीय. डबा वर राहिलाय."

तो इतक्या मोठ्यांदा हसला की जिन्यात जमलेली पोरंही हसायला लागली. मावशीला बाहेर काढल्यावर त्याने आधी तिचा डबा आणून दिला, मग तो मुख्याध्यापकांकडे गेला.

"सर, लिफ्टला दुखणं नाही. तिला हमालीला लावलंय तुम्ही."

खरंच होतं ते. बाकं, कागदाचे गठ्ठे, सगळं लिफ्टमधून जायचं, आणि सामान चढेपर्यंत दारात बाक आडवं घालून ठेवायचे. दार वाकडं होणार नाही तर काय! नवं दार बसलं, लिफ्टमधून सामान नेणं बंद झालं. शिपायांनी नाकं मुरडली, पण पहिलं बाक मुख्याध्यापकांनी स्वतः जिन्यावरून वर नेलं, तेव्हा त्यांनीही दुसरं उचललं.

त्यानंतर लिफ्ट कधी कुरकुरली नाही. तरी लिफ्टवाला दर आठवड्याला हजर! आधी तेल घालायचा, मग वाचनालयात येऊन एक पुस्तक न्यायचा. शिक्षकांच्या खोलीत खसखस पिकू लागली.

शेवटी मावशीने त्याला पकडलंच. "वाचलंत पुस्तक?"

"वाचलं. छान आहे."

"शेवटी म्हातारा मरतो तेव्हा रडू आलं की नाही?"

"आलं तर!"

"म्हातारा पहिल्याच पानावर मेलाय, लिफ्टवाले."

त्याचे कान लालबुंद झाले. "खरं सांगू, बाई? मला वाचायचा कंटाळा आहे. तुमच्याशी बोलायचा नाही."

"मग बोला की सरळ! त्या बिचारीला किती तेल पाजाल?"

लग्न ठरलं. नोंदणी कार्यालयाला नुसत्या पायऱ्या. नातेवाईक म्हणाले, "उचलून नेऊ, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"त्या दिवशी तर मुळीच नाही," मावशी म्हणाली.

मग अधिकारीच शाळेत आले आणि लग्न वाचनालयात लागलं. साक्षीदार मुख्याध्यापक. आजी दोन कपाटांच्या मधे बसून आनंदाने मुसमुसत होती, आणि मावशी तिलाच हळू आवाजात दटावत होती, "आई, इथे शांतता राखायची असते."

आता सुट्टीच्या दिवशी दोघं आसपासच्या शाळांमधल्या लिफ्ट बघायला जातात. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मावशीची.

"अहो, दार अजून घासतंय!" ती वरून ओरडते, आणि काका हत्यारांची पेटी उचलून हसत हसत जिना चढायला लागतात.