फुग्यांच्या बंदुकांचे मिस्त्री

बंदूक दुरुस्त झाली की मिस्त्री तिच्यात छर्रा न घालता नळीचं तोंड स्वतःच्या तळहाताला लावत आणि घोडा ओढत. फस्सकन हवा यायची. डोळे मिटून ते ती तळहातावर घेत आणि मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणत, "हाय दम. चालवून पाहा थोडे दिवस, अन् मंग दाखवाले येजा."

जत्रेत फुगे फोडायला मिळते ती हवेची बंदूक तुम्हीही कधीतरी हातात घेतली असेल. फुगा फुटला नाही म्हणून स्वतःच्या नेमाला नावं ठेवली असतील. ठेवू नका. आमच्या भागातल्या त्या बंदुकांची पोटं उघडणारे मिस्त्री नांदुऱ्यात माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागूनच बसत, आणि तुमचा नेम चुकण्याची सोय बहुधा त्यांनीच केलेली असे. जत्रेतले ठेलेवाले हळूच सांगत, "मिस्त्री, माशी जराशी डावीकडे घ्या." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा दाणा. मिस्त्री ती डावीकडे घेत. कोणाची बंदूक फुग्याबरोबर मागची फळीही फोडू लागली, तर आतली स्प्रिंग थोडी कापून तिचा जोर उतरवून देत. दिवसभर हेच काम.

एकदा संग्रामपूरकडचे एक बागाईतदार आले. त्यांच्या संत्र्यांवर माकडं तुटून पडत होती. बंदुकीचा जोर वाढवून द्या म्हणाले. मिस्त्रींनी ती उघडली, बरीच खटपट केली आणि परत दिली. महिन्याभराने ते खूश होऊन सांगायला आले, "मिस्त्री, काय आवाज हाय हो. माकडं फिरकून नाई राह्यले."

"मंग झालं तं," मिस्त्री म्हणाले.

ते गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "माकडाले आवाज पुरते, ताई. जोर तं म्या अजून कमी केला." माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मला धड हसताही आलं नाही.

मिस्त्रींना कोणी नव्हतं. बायको फार आधी गेली, मूलबाळ झालं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीतच राहायचे. माझ्याकडे बायकांची वर्दळ, त्यामुळे ते संकोचाने कधी माझ्या पायरीवर बसले नाहीत. त्यांनी दुरुस्त केलेल्या बंदुका जिल्ह्यातल्या साऱ्या जत्रांना जात, पण ते स्वतः एकाही जत्रेला जात नसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "एकट्या मानसाले जत्रेत हरवता बी येत नाई, ताई. शोधाले कोन हाय?"

मला त्यांची एकच गोष्ट खटकायची. त्यांच्या हातची बंदूक हमखास परत यायची. आतल्या दट्ट्याला चामड्याचा वायसर असतो, तो हवा धरून ठेवतो. तो झिजला की छर्रा नळीतून नुसता पुढ्यात पडतो. मिस्त्रींचा वायसर एक हंगाम संपेपर्यंत कसाबसा टिकायचा. आणि माझी शिलाई मशीन त्यांनी एकदाच उघडली होती, ती त्यानंतर कुरकुरलीसुद्धा नाही.

एक दिवस मी बोललेच. "मिस्त्री, माही मशीन कशी मस्त चालून राह्यली. मंग बंदुकाच काऊन वापस येतात?"

ते चामडं कापत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमी तं बाजूलेच हाय, ताई. तुमी कुठी जाता?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वायसरसाठी ते मुद्दाम पातळ, मऊ चामडं घेत. बंदूक परत आली की "बसा, वेळ लागन" म्हणून ठेलेवाल्याला स्टूल देत, चहा सांगत. यंदा पाळणे किती मोठे आले, मौत का कुआँवाला आला का, कोणाचं कोणाशी भांडण झालं, सगळं खोदून खोदून विचारत. बंदुकीचं काम चहा निवायच्या आत होई आणि गप्पा दुपारची गाडी येईपर्यंत चालत. मला आधी संतापच आला. ही काय गिऱ्हाइकाला नादी लावायची रीत झाली? पण इतर दिवशी त्याच स्टुलावर आपला डबा ठेवून एकटेच जेवणारे मिस्त्री मला रोज दिसत होते. राग काही टिकला नाही.

सगळ्यात जास्त येत ते शेगावला ठेला लावणारे एक म्हातारबा. मिस्त्रींचं त्यांच्याशी खास जमायचं. एकदा ते आले ते काठी टेकत. म्हणाले, "मिस्त्री, गुडघे गेले आता. गाडीत चढनं होत नाई. अशी करून द्या का परत उघडाच नाई लागली पाह्यजे."

मिस्त्री त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. नेहमीचं चामडं हाताशीच होतं. ते लावलं असतं, तर गुडघे दुखोत की काही होवो, म्हातारबांना यावंच लागलं असतं. मी शिवण थांबवून बघत होते. मिस्त्रींनी पेटीच्या तळातून जाड चामड्याचा तुकडा काढला आणि तेलात टाकला. चामडं तेल पिईपर्यंत दोघे बोलत बसले. मग मिस्त्रींनी वायसर कापला, बसवला, काढला, घासला, पुन्हा बसवला. इतका जीव ओतून त्यांनी बंदुकीचं काम केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी नळी तळहाताला लावली, तर हात मागे फेकला गेला.

"हाय दम," ते म्हणाले. नेहमीचं "मंग दाखवाले येजा" मात्र ते बोलले नाहीत. बंदूक स्वतः उचलून म्हातारबांना ऑटोपर्यंत सोडून आले.

ती बंदूक परत आली नाही. हळूहळू बाकीच्या ठेल्यांवरही प्लॅस्टिकच्या नव्या बंदुका आल्या. त्या बिघडल्या की लोक फेकून देत. गाडीच्या वेळेला मिस्त्री रस्त्याकडे तोंड करून बसू लागले.

"कोनाची वाट पाहून राह्यले?" मी विचारायची.

"कोनाची नाई. गाडी टाइमावर आली का पाहून राह्यलो."

"त्या म्हातारबाले फोन तरी करा."

"काय म्हनू त्याले? बंदूक बिघडली काय, असं इचारू?"

दुसरं काही विचारता येतं, हे त्यांना सुचलंच नाही. मग एका उन्हाळ्यात एक दिवस त्यांचं शटर उघडलं नाही. झोपेतच गेले होते. पुढचं सगळं आम्ही शेजाऱ्यांनी केलं.

दिवाळीनंतर म्हातारबा आले, काठी आणि एक पिशवी घेऊन. बंद शटरसमोर थबकले.

"बंदूक नाई आनली?" मला दुसरं काही बोलायचं सुचलं नाही.

"बंदुकीले काय झालं? मस्त चालून राह्यली. असाच आलो, मिस्त्रीले भेटाले. लय दिवस बोलनं नाई झालं."

मी सांगितलं. ते शटरला धरून सावकाश पायरीवर बसले. मग त्यांनी पिशवीतून कचोऱ्यांचा पुडा काढला. "गरम घेतल्या होत्या," म्हणाले. "त्याले आवडतात का नाई, मालूम नाई. कधी इचारलंच नाई."

काही बिघडल्याशिवाय आपल्याकडे कोणी येत नाही, असं मिस्त्री जन्मभर धरून चालले होते. ते खोटं ठरवणारा माणूस त्यांच्या पायरीवर बसला होता आणि ते बघायला मिस्त्री नव्हते. मी दुकानातून दोन ताटल्या आणल्या. आम्ही दोघांनी त्या निवलेल्या कचोऱ्या तिथेच बसून खाल्ल्या.