वाऱ्याविरुद्ध धावलेली आग

पालेगावची ती आग आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. नोकरीत चोऱ्यामाऱ्या भरपूर पाहिल्या, पण वाऱ्याच्या विरुद्ध धावलेली आग एकदाच पाहिली.

मे महिना होता. मी अंबरनाथला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या पालेगावात एका नव्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आग लागून काही मोटारसायकली जळाल्या, रखवालदाराचा हात भाजला. कुंपणभिंतीपलीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं भाताचं खाचर होतं आणि त्याच दुपारी त्याने तिथे राब भाजला होता. भाताची रोपं तयार करायच्या जागेवर काटक्या, पाला, शेण पसरून जाळतात, तो राब. त्यात आमच्या बातमीदाराने खबर आणली, की सोसायटीशी वाटेवरून झालेल्या भांडणात हा म्हातारा चारचौघांत ओरडला होता, "एक दिवस तुमच्या गाड्या जालीन!" निष्काळजीपणा ठरला तर जामिनावर सुटणार होता. मुद्दाम आग लावल्याचं कलम लागलं तर ऐन पेरणीत आत जाणार होता.

सोसायटीचे सेक्रेटरी फिर्याद द्यायला आले ते मोबाइल पुढे धरूनच.

"सर, हा व्हिडिओ बघा. टेरेसवरचा फ्लॅग त्याच्या शेताकडे उडतोय. म्हणजे वारा आमच्याकडून तिकडे. मग आग उलटी कशी येईल? त्याने डिलिबरेटली भिंतीपाशीच लावली."

मुद्दा बिनतोड होता. मी म्हाताऱ्याला समोर बसवलं, चहा मागवला.

"काका, पेटवलं कुठून?"

"भिंतीपासून लांबच्या टोकाला, सायेब. वारा समोरून आला का आग हलूहलू सरकते, पाला नीट जलतो. बापानं तसाच शिकवलाय."

"आणि गाड्या जाळीन म्हणालात, ते?"

"बोललो. रागानं बोललो. नाय कशाला बोलू?"

खोटं बोलणारा माणूस पहिल्यांदा धमकी नाकारतो, हा माझा अनुभव. याने गळ्याशी येणारी गोष्टच आधी कबूल केली. पंचनाम्यात रॉकेलचा वासही नव्हता. भिंतीला बाहेरून लागून सोसायटीच्याच माळ्याने छाटलेल्या फांद्यांचा ढीग होता. तो पेटून ज्वाळा आत गेल्या, एवढं उघड होतं. पण आग ढिगापर्यंत आली कशी? मला काही चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला हवालदार आणि म्हाताऱ्याला घेऊन खाचरात गेलो. अगरबत्त्या पेटवायला सांगितल्या.

"साहेब, पूजा करायची की तपास?" हवालदार हसला.

वर झेंडा शेताकडे फडफडत होता. खाली अगरबत्तीचा धूर सरळ भिंतीकडे निघाला.

"आयला साहेब, हा तर उलटा चाललाय!"

बिल्डिंगच्या आडोशातून बाहेर, रस्त्याकडे सरकलो, तर धूर झेंड्याच्याच दिशेने जाऊ लागला. परत आडोशात आलो, पुन्हा उलटा. ती उंच बिल्डिंग त्याच वर्षी उभी राहिली होती. वारा तिच्यावरून, बाजूने पुढे जाई आणि तिच्या पाठीमागे जमिनीलगत वळून मागे फिरे. म्हाताऱ्याने अगरबत्ती हातात घेतली, जागा बदलून बदलून पाहिली आणि बांधावर बसला.

"यांनी माझा वारा फिरवला," तो हळूच म्हणाला.

मुद्दाम आग लावल्याचं कलम लावलं नाही, निष्काळजीपणाचं तेवढं लागलं. फांद्यांच्या ढिगाबद्दल सेक्रेटरींनाही चार शब्द ऐकवले. मला मनापासून बरं वाटलं. पुरावा खरा असला तरी तो जिथे मिळाला तेवढ्याच जागेपुरता बोलतो, हे मी या प्रकरणात शिकलो. झेंडा गच्चीपुरता खरा होता.

जामिनाचे कागद झाल्यावर म्हाताऱ्याला नियम समजावले. पालिकेच्या हद्दीत उघड्यावर पालापाचोळा जाळायचा नाही. भिंतीजवळ, फांद्यांच्या ढिगाजवळ तर मुळीच नाही. तो मान डोलवत ऐकत राहिला. मग उठता उठता म्हणाला, "समदा खरा, सायेब. पन आग पलाली, राब कच्चाच ऱ्हायला. आता परत कुठं भाजू?"

त्या पावसाळ्यात मुद्दाम तिकडून गेलो. माणूस घरी होता, पण खाचरात भाताची रोपं नव्हती, नुसतं गवत उगवलं होतं.